पीरिससाहेबांची त्रेसष्ट कारणं

निबिया एचेवेरी रागावली की तिचा आवाज खाली जातो. आवाज खाली आणायचा आणि तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, हे नाटकात साधायला मला सहा वर्षं लागली. निबियाला ते आवक खिडकीत बसून आलं. "सेन्योर," ती हळूच म्हणते, "मी ओळखपत्राची प्रत मागितली होती, तुमच्या कुत्र्याचा फोटो नाही." आणि बाहेर जिन्यावर उभी असलेली माणसंसुद्धा आपापले कागद तपासायला लागतात.

पुएर्तो आरासाच्या नगरकचेरीत ती अठ्ठावीस वर्षं त्या खिडकीत आहे. मी शेजारच्या खिडकीत, कंत्राटावर, चार वर्षं. निबिया ठेंगणी, रुंद खांद्यांची. चष्मा बुटाच्या नाडीनं गळ्यात अडकवलेला, डाव्या काखेत थर्मास. माते, म्हणजे आमच्याकडचा नळीनं प्यायचा कडू पानांचा चहा. त्याचा पेला मला देते, पण बजावून देते. "नळी ढवळू नकोस. ढवळलीस की चव गेली. तुम्हा नाटकवाल्यांना कशाला हात लावल्याशिवाय राहवतच नाही."

गावात तिच्याबद्दल विचारलं तर लोक दोन गोष्टी सांगतील. एक, ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रोग्रामिंग शिकली. दुसरी, तिनं पीरिससाहेबांना सोडलं नाही. या दोन्ही मिळून एकच गोष्ट होते, आणि तीच मला सांगायची आहे.

निबियाची आई, दोरिला बेंतांकोर, कब्रस्तानाच्या फाटकापाशी फुलं विकायची. हिरव्या पत्र्याचा ठेला, बादल्यांमध्ये कार्नेशन आणि शेवंती. एकतीस वर्षं. परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागे. २००४च्या मार्चमध्ये तिनं अर्ज दिला. निबियानंच तो खिडकीत घेतला, शिक्का मारला आणि वरच्या मजल्यावर परवाना विभागात पाठवला. विभागप्रमुख वाल्देमार पीरिस.

आमच्या कचेरीत फाईल नामंजूर करत नाहीत. नामंजूर केली तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं की माणूस अपील करतो. त्यापेक्षा खणात घालायची. खणातल्या फायलीवर अपील नसतं. ती मंजूरही नसते, नामंजूरही नसते, नुसती असते. विचारायला येणाऱ्याला सांगायचं, "चालू आहे."

दोरिला दर गुरुवारी विचारायला जायची. "चालू आहे, सेन्योरा." ऑगस्टमध्ये कचेरीचा ट्रक आला आणि परवाना नसलेला ठेला उचलून घेऊन गेला. दोन महिन्यांत तिथं नवा ठेला उभा राहिला, पीरिसच्या मेहुण्याचा. निबिया वर गेली, आयुष्यात पहिल्यांदा न ठोठावता आत गेली.

"साहेब, माझ्या आईची फाईल कुठे आहे?"

पीरिस फोनवर होता. त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. "निबिया, तू आवक बघ. जावक मी बघतो."

एवढंच. दोरिला त्यानंतर स्वयंपाकघरात रिकाम्या बादल्यांच्या मधे बसून राहायची. पुढच्या जूनमध्ये गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं. निबिया म्हणते, "डॉक्टरांना पीरिसचं स्पेलिंग येत नव्हतं."

त्यानंतर पंधरा वर्षं निबिया त्याला रोज सकाळी "गुड मॉर्निंग, साहेब" म्हणाली. तिला एकच हवं होतं. त्यानं ती फाईल स्वतःच्या हातानं बाहेर काढावी आणि ती का दाबली ते लिहावं. ते लिहीपर्यंत त्याला या इमारतीतून जाऊ द्यायचं नाही. कसं, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते रुबी नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेनं दिलं.

२०१३ साली कचेरीनं कागदी फायली बंद करायचं ठरवलं, आणि राजधानीहून, माँतेविदेओहून, फाकुंदो नावाचा एक दाढीवाला इंजिनिअर आला. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण निबियानं मला तो दोन्ही आवाजांत इतक्या वेळा करून दाखवलाय की मी होतेच तिथं.

"इंजिनाला, म्हणजे फायली टेबलाटेबलावर फिरवणाऱ्या प्रोग्रामला, फक्त चिठ्ठी कळते," फाकुंदो म्हणाला. "एका अर्जाची एक चिठ्ठी. कुठून आली, कुठल्या टेबलावर जायचं. बस."

"आणि चिठ्ठीत काय लिहिलंय ते?"

"त्याच्याशी इंजिनाला काय करायचंय? हेच इंजिन कुणी हॉस्पिटलात चालवतं, कुणी चपलांच्या कारखान्यात."

"म्हणजे परवाना कशाशी खातात हे त्याला माहीत नाही."

"नाही. अर्जदार कोण, शिक्का कुठला, हे तुम्ही चिठ्ठीला शिकवायचं. एकेक गोष्ट शिकवली की ती एकेक मेथड."

"दुसऱ्यानं केलेल्या चिठ्ठीला मी शिकवू? तो चिडणार नाही?"

"रुबीत चालतं. चिठ्ठीचा मूळ क्लास, म्हणजे साचा, उघडायचा, आपली मेथड आत ठेवायची, दार लोटून घ्यायचं. त्या क्षणापासून सगळ्या चिठ्ठ्यांना ते येऊ लागतं. आधीच्या, नंतरच्या, निजलेल्या, सगळ्या."

"दाराला कुलूप नाही?"

"नाही."

"कुणीही शिरू शकतं?"

"कुणीही. फक्त नावं स्पॅनिश द्या, म्हणजे इंजिनाच्या इंग्रजी नावांवर आदळणार नाहीत. घरात आधीच एक मारिया असताना दुसरीला मारिया म्हटलं, तर हाकेला दुसरीच येते. पहिली गेली ती गेली."

निबिया इथं नेहमी थांबते, नळीनं एक घोट घेते आणि मला म्हणते, "बावीस वर्षांत या इमारतीत मला कुणी पहिल्यांदा सांगत होतं की दार उघडं आहे."

मला ते नाटकासारखं समजलं. इंजिन नटाला फक्त प्रवेश आणि निर्गमन देतं. संवाद तुमचे तुम्ही द्यायचे. निबिया दुपारी दोनला कचेरी सुटल्यावर घरी जाऊन जेवायची, बिस्किटाच्या डब्यावर वही ठेवून शिकायची. दोन वर्षांत फाकुंदोचं येणं कमी झालं, फोनवर आलं, आणि कचेरीतल्या चिठ्ठ्यांना काय येतं नि काय येत नाही हे निबिया ठरवू लागली. जुनी आवक-जावक रजिस्टरंही तिनंच आत भरली. बावीस बाडं, एकेक नोंद. ते काम कुणालाच नको होतं, म्हणून तिला दिलं. पंधरा मार्च २००४ची नोंद भरताना तिनं माझ्याकडून माते घेतली नाही, एवढं मला आठवतं. आवक होती. जावकचा रकाना कोरा.

२०१९च्या एप्रिलमध्ये पीरिस स्वतः खिडकीत आला. उंच माणूस, दाढीला कोलोनचा वास, हातात निवृत्तीचा अर्ज.

"निबिया, शेवटचा शिक्का तुझ्या हातचा. मुलीनं ला पालोमाला खोली बांधलीय माझ्यासाठी. खिडकी उघडली की समुद्र."

"वा, साहेब. समुद्र."

"तूही ये की कधीतरी. आता कसलं साहेब नि कसलं काय!"

तिनं शिक्का मारला. तो जिना चढून जाईपर्यंत हसत राहिली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि आवाज खाली गेला.

"पोरी, एका चिठ्ठीलाच शिकवता येतं."

"म्हणजे?"

"सगळ्या क्लासला नाही. एकाच ऑब्जेक्टला. बाकीच्या चिठ्ठ्या शहाण्यासारख्या चालतील. ही एक मात्र शेवटच्या टेबलापाशी पोचली की गुपचूप वळेल आणि पहिल्या टेबलाशी येईल."

"किती वेळा?"

"समुद्र आटेपर्यंत."

मला घाबरायला हवं होतं. मी म्हणाले, "दाखव ना कसं करायचं."

तिनं केलं. चार ओळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पीरिसचा अर्ज बिनबोभाट दुसऱ्या टेबलावर गेलेला, आणि तिनं शिकवलेलं काहीही त्याला येत नव्हतं. तिनं पुन्हा शिकवलं. पुन्हा विसरला. तिसऱ्यांदा तिनं फाकुंदोला फोन लावला, स्पीकरवर, आणि एखाद्या परक्याची अडचण असावी तसं विचारलं.

"ते टिकणार नाही," फाकुंदो म्हणाला. "चिठ्ठी टेबलावर पोचली की इंजिन तिची घडी घालून साठवून ठेवतं. पुन्हा उघडतं तेव्हा ती चिठ्ठी तीच नसते. नोंदींवरून नवी बनवलेली असते. नोंदीत आहे ते येतं. तुम्ही एकटीच्या कानात सांगितलेलं येत नाही."

"बदली नट," मी कुजबुजले. "त्याला संहिता मिळते, दिग्दर्शकानं विंगेत सांगितलेलं नाही मिळत."

"गप्प," निबिया म्हणाली.

"काय?" फाकुंदो म्हणाला.

"तुला नाही. मग उपाय काय?"

"सगळ्यांना शिकवा, नाहीतर कुणालाच नाही."

"आणि सगळ्यांना शिकवलं, पण आत लिहिलं की अर्जदाराचा ओळखपत्र क्रमांक अमुकच असेल तरच—"

"निबिया."

"हं."

"मी प्रत्येक ओळ वाचतो."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ शिक्क्याच्या पॅडवर बोट घासत बसली. बोट निळं झालं. मग म्हणाली, "सगळ्यांना. ठीक आहे. सगळ्यांना तर सगळ्यांना."

सेवानियमांत एक जुनं कलम आहे. नोकरी सोडणाऱ्यानं आपल्याकडच्या सगळ्या फायली उत्तरासकट हवाली कराव्यात, आणि विलंब झाला असल्यास त्याचं कारण नोंदवावं. ते कलम पाळलेलं कुणी पाहिलं नव्हतं. निबियानं त्यावरून तीन मेथड लिहिल्या. पहिली चिठ्ठीला विचारते, तू कोणाकडे आहेस. दुसरी विचारते, किती दिवस. तिसरीचं नाव नुसतं "का". "का" रिकामं असेल तर फाईल हवाली झाली असं धरायचं नाही, आणि माणसाचा निवृत्तीचा अर्ज हलायचा नाही. कारण नोंदलं की त्याची प्रत मूळ अर्जदाराच्या घरी जायची.

फाकुंदोनं सगळं वाचलं. "सुंदर आहे हो हे. पण लोक सगळीकडे 'कामाचा ताण' चिकटवतील."

माझी नळी तोंडातच राहिली. निबियानं डोळे मिटले.

"मग एका माणसाला एक कारण एकदाच वापरता येईल," ती म्हणाली.

"हे छान! आणि हे सगळ्यांना लागू?"

"सगळ्यांना."

"तुम्हालाही?"

"मी आवक बघते, बाळा. माझ्याकडे फाईल थांबत नाही."

मे महिन्यात एका सोमवारी ते सुरू झालं. सकाळी आठला प्रत्येकाच्या पडद्यावर त्याच्याकडे अडकलेल्या फायलींचा आकडा आला. कुणाचे दोन, कुणाचे पाच. तळमजल्यावर हशा, थोडी शिवीगाळ. वाल्देमार पीरिस, त्रेसष्ट.

निबिया एचेवेरी, एक.

तिनं चष्मा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला. अर्जदार एलिदा पीरिस, २०१०. चाकाच्या खुर्चीसाठी घराच्या फुटपाथला उतार करून मिळावा. वाल्देमारची बहीण.

"हे काय आहे, निबिया?"

तिनं स्वतःचा खालचा खण उघडला. चहाचे टॉवेल, जुने शिक्के, आणि तळाशी तो कागद होताच.

"विसरले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी घेतला, शिक्का मारला, नाव वाचलं आणि इथं ठेवला. आणि विसरले, रजिस्टर भरतानाही आठवलं नाही. शप्पत."

"नऊ वर्षं?"

"मला मोजता येतं." आवाज इतका खाली होता की मलाच वाकावं लागलं. मग तिनं टंकलं: कारण, अर्जदार वाल्देमार पीरिसची बहीण आहे. आणि पाठवून दिलं. दोन आठवड्यांत एलिदाच्या दारी सिमेंटचा उतार झाला. "वाईट वाटलं का, ते विचारू नकोस," निबिया म्हणाली. "वाटलं. म्हणून मी त्याला सोडेन असं वाटत असेल तर तू नाटकच कर."

पीरिस त्याच सोमवारी अकराला खाली आला.

"हा काय पोरखेळ आहे, निबिया? त्रेसष्ट?"

"यंत्रणा मोजते, साहेब."

"काही फायली वीस वर्षांच्या आहेत! मेलेल्या माणसांच्या आहेत!"

"चालू असतील."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, असं ती नंतर म्हणाली. मग वर जाऊन त्यानं त्रेसष्ट ठिकाणी "कामाचा ताण" लिहिलं. एक गेलं. बासष्ट परत आले.

त्यानंतरचा दीड महिना गावानं नाटकाला जाणं सोडून दिलं असतं तरी मी तक्रार केली नसती. पीरिस रोज कोट काढून खुर्चीला अडकवायचा आणि कारणं शोधायचा. प्रकृती अस्वास्थ्य. लिपिक रजेवर. शिक्का सापडला नाही. नकाशा उलटा जोडलेला होता. नदीचा पूर. उंदीर. पुन्हा पूर लिहिला, तो परत आला. मग "दुसरा पूर" लिहिला, तो चालला. निबिया खाली आपल्या पडद्यावर एकेक वाचायची आणि पेला भरायची.

"किती झाली?"

"एकोणीस," मी म्हणायची.

"दमेल आता. थापा मारायलाही डोकं लागतं. त्यानं आयुष्यभर एकच थाप मारलीय."

आणि तसंच झालं. विसाव्या-एकविसाव्या फायलीशी त्याच्या थापा संपल्या. दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी, बेकरीवाल्या रोकेच्या भट्टीच्या परवान्यावर, बारा वर्षांपूर्वीच्या: "कारण, याच्या बापानं मला शाळेत बदडलं होतं."

रोकेला घरी प्रत मिळाली. त्यानं ती बेकरीच्या काचेवर आतून चिकटवली, बिस्कोचो या छोट्या खुसखुशीत पावांच्या ट्रेवर. लोक पाव घ्यायला येत, वाचत, पुन्हा वाचत. "रोके, तुझा बाप काय रे, देवमाणूस होता!"

मग धरणच फुटलं. "कारण, ती दुसऱ्या पक्षाची." "कारण, यानं मला पोरीच्या लग्नाला बोलावलं नाही." "कारण, मोठ्यानं बोलतो." "कारण, माझ्यासमोर टोपी काढली नाही." "कारण, शुक्रवार होता." खरं लिहायला वेळ लागत नाही, हे त्याला कळलं असावं, कारण आता रोज पाच-पाच जाऊ लागली. गावात कुणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त चौकातून जाताना नमस्कार बदलला. "आज शुक्रवार ना, पीरिससाहेब?" "टोपी काढली बरं का, साहेब!" तो मान खाली घालून कडेकडेनं चालू लागला. मेहुण्यानं कब्रस्तानापाशी ठेल्याचं शटर ओढलं आणि उघडलंच नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बासष्ट झाली. एक राहिली. ती शेवटी का आली, तर चिठ्ठ्यांचा क्रम लावायचीही एक मेथड असते. ती कोणी लिहिली, ते मी सांगत नाही.

गुरुवार होता. पीरिसनं खालच्या यंत्रातून टोकन घेतलं, बाकड्यावर बसला, आणि नंबर आल्यावर खिडकीशी आला. हातात कागदी फाईल. तिचे कोपरे पिवळे, वर कपाच्या बुडाचा गोल डाग.

"ही तुझ्या आईची."

"वाचता येतं मला."

"अर्जदार मयत, असं लिहिलं होतं मी. परत आलं."

"तो शेरा झाला. कारण नाही. मेली नंतर, फाईल आधी थांबली."

तो पुढे वाकला. "माझी बहीण नऊ वर्षं घराबाहेर पडू शकली नाही. तुझ्यामुळे. मी वाचलं तू काय लिहिलंस ते. आता फिटलं आपलं."

"नाही फिटलं," निबिया म्हणाली. "मी लिहिलं का ते. तुम्ही लिहा."

"काय लिहू?"

"खरं."

"अगं, खरं सांगतो!" त्याचा आवाज चिरकला. "मेहुण्यानं जागा मागितली, मी दिली. तिथं आधी कुणीतरी होतं, एवढंच. तुझी आई मला आठवत नाही. चेहरा आठवत नाही. नाव आज वाचलं."

मला वाटलं निबिया काच फोडेल. पंधरा वर्षं तिनं या माणसाला रोज सकाळी मनात उभं केलं होतं, प्रत्येक वेळी दोरिलाकडे बघून हसताना. तो हसलाच नव्हता. त्यानं पाहिलंच नव्हतं.

"मग तेच लिहा," ती म्हणाली, आणि आपला कीबोर्ड खिडकीतून त्याच्याकडे सरकवला.

त्यानं टंकलं: आठवत नाही. बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली. हे कारण आपण आधी वापरलं आहे.

"नवव्या फायलीला," मी म्हणाले. माझ्याकडे यादी होती. "अनिबालची विहीर."

"तेव्हा खोटं होतं!" पीरिस म्हणाला. "अनिबाल मला चांगला आठवतो. आता खरं आहे!"

"यंत्रणेला खरं-खोटं कळत नाही, साहेब. वापरलेलं कळतं."

"तू बदलू शकतेस हे. तूच केलंस, सगळ्यांना माहीत आहे."

"बदलू शकते."

"मग?"

"सगळ्यांना लागू आहे ते. तुमच्या एकट्याच्या चिठ्ठीसाठी नाही बदलता येत. प्रयत्न करून बघितलाय मी."

तो तिथंच उभा राहिला. मागची रांग कुरकुरली नाही. लोकांनी थर्मास उघडले आणि कडेला टेकून उभे राहिले. मग तो म्हणाला, "मला आठवत नाही, तर मी लिहू कसं? तूच सांग. तू सांग, मी लिहितो."

निबियानं चष्मा नीट केला. "मी, वाल्देमार पीरिस."

तो दोन बोटांनी टंकू लागला.

"दोरिला बेंतांकोर माझ्याकडे दर गुरुवारी येत होती. वीस गुरुवार."

"वीस?"

"लिहा. निळा ब्लाउज घालून. लग्नासमारंभाचा."

"हे कशाला?"

"लिहा. मी तिला बसायला सांगितलं नाही."

"हे तुला कसं माहीत?"

"पाय सुजवून यायची घरी. मी तिला म्हणालो, चालू आहे. ती म्हणायची, आभारी आहे. लिहिलंत? आभारी आहे. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, म्हणून मला तिचं तोंड आठवत नाही."

त्याची बोटं थांबली. "हे मी नाही लिहिणार."

"नका लिहू." ती हात पुढे करून कीबोर्ड ओढायला लागली.

"थांब."

त्यानं लिहिलं. एकेक अक्षर शोधून. "तोंड" दोनदा चुकलं, ते पुसून पुन्हा लिहिलं. शेवटी बटण दाबलं तेव्हा पट्टी हिरवी झाली, आणि मूळ अर्जदाराच्या पत्त्यावर जायची प्रत आमच्याच छपाईयंत्रातून बाहेर आली. तो पत्ता निबियाचाच. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. नाटकात मी तिला तिथं रडवलं असतं, आणि ते चुकलं असतं.

"झालं?" पीरिस म्हणाला. कपाळावर घाम होता, बाहेर आमच्या जुलैतल्या हिवाळ्याचे सहा अंश असताना. "आता माझा अर्ज जाईल?"

"जाईल. आवक खिडकीची एक सही लागते जाताना."

"मग कर."

"सोमवारी या."

सोमवारी तो आला. निबिया म्हणाली, पुढच्या सोमवारी. आता यात एक अडचण होती, आणि ती तिनंच तयार केलेली होती. फाईल निबियाकडे थांबली, तर "का" निबियानं भरायला हवं, तारीख पुढं ढकलली की पुन्हा, म्हणजे दर आठवड्याला, प्रत्येक वेळी नवं, आणि प्रत अर्जदाराच्या घरी जायला हवी. पहिल्या सोमवारी तिनं लिहिलं: कारण, तिला पिवळी शेवंती आवडत नव्हती, पण लोक मागायचे म्हणून ठेवायची. दुसऱ्या: कारण, ती गरिबांच्या मयतीला दोन फुलं जास्त द्यायची आणि मला सांगू नकोस म्हणायची. तिसऱ्या: कारण, तिला पोहता येत होतं, हे बाबांना लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. चौथ्या सोमवारपासून तिनं आईचं आयुष्य जन्मापासून क्रमानं लिहायला घेतलं.

फाकुंदोनं फोन केला. "निबिया, ही कारणं नियमात बसतात का?"

"रिकामं आहे का?"

"नाही."

"पुन्हा वापरलंय का?"

"नाही."

"मग बसतात."

आता ऑक्टोबर आहे. पीरिस अजून वरच्या मजल्यावर कामाला येतो. खाली येतो तेव्हा लोक त्याला रांगेत पुढं सोडत नाहीत, आणि तो सोडा म्हणतही नाही. ला पालोमाच्या खोलीत मुलीनं उन्हाळ्यासाठी भाडेकरू ठेवलाय म्हणे. या सोमवारी तो टोकन हातात धरून खिडकीशी उभा राहिला. दाढी वाढलेली, कोलोनचा वास नाही.

"मागच्या आठवड्याचं वाचलं," तो म्हणाला. "शाळेत तिला कविता म्हणून दाखवायला उभं करायचे ते. कोणती कविता?"

"ते या आठवड्यात आहे."

"निबिया, खरं सांग. अजून किती आहेत तुझ्याकडे?"

निबियानं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. तिचा आवाज इतका खाली गेला की जिन्यावरच्या शेवटच्या माणसानंही मान वर केली.

"साहेब, मी अजून तिच्या लग्नापर्यंतही आलेले नाही."